फोटोत न आलेला मार

उत्तम गोऱ्हे धरतो. कोणाचा तीन वर्षांचा माजलेला गोऱ्हा जू पाहिलं की उधळत असेल, तर मालक त्याला पिंपळगाव राजाला आमच्या गल्लीत आणून उत्तमच्या दावणीला बांधतो आणि दीड महिन्यानं कामाचा बैल घेऊन जातो. मधल्या दिवसांत काय होतं ते मालक विचारत नाही. मी समोरच राहते, त्यामुळे मला विचारायची गरज पडत नाही. नाकात दाभण घुसवून वेसण ओवतात तेव्हा जनावर कसं हंबरतं, बसकण मारलेल्याला उठवायला शेपूट पिरगाळली की हाडाचा कसा आवाज होतो, हे सगळं मी भाकरी थापता थापता ऐकलेलं आहे. आमच्याकडे तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे, टोकाला खिळा ठोकलेली काठी. उत्तमची तुतारी त्याच्या बापाची. बापानं ती बैलांवर जेवढी वापरली, तेवढीच उत्तमच्या पाठीवरही.

मी धम्मशीला, अंगणवाडी सेविका. सव्वीस वर्षं झाली, पोरांना खिचडी आणि त्यांच्या बापांना शिव्या वेळच्या वेळी वाटते. उत्तम माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून तोंडावर भाऊ म्हटलं तरी लिहिताना तो एकेरीतच येणार. माणूस वाईट नाही, असं गावात त्याच्याबद्दल सगळे म्हणतात. मला या वाक्याचा संताप येतो. वाईट नसलेल्या माणसाच्या बायकोचा ओठ वर्षातून चारदा कसा फुटतो, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्याच्या बायकोचं नाव चांगुणा. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि पूनम झाली. त्या दिवशी उत्तमनं दावणीच्या सगळ्या जनावरांना ढेप चारली, परक्यांच्या गोऱ्ह्यांनासुद्धा. पोरगी गोरीगोमटी, अंगानं भरलेली. दीड वर्षाची असताना "आई", "मम", "बैय" एवढं बोलायची. मग ते बोलणं आटलं. तीन वर्षांची होऊन माझ्या अंगणवाडीत आली तेव्हा तोंडातून एक शब्द नाही, नाव घेतलं तर वळून पाहणं नाही. रांगेत बसवलं की किंचाळायची, हात धरला की चावायची, आणि फारच झालं की भिंतीवर कपाळ आपटून घ्यायची. रक्त आलं तरी थांबायची नाही. तिला गप्प करायची उत्तमची एकच रीत होती. तो थोबाडीत द्यायचा. ती मग त्याच्या मनगटाला चावायची, तो दुसरी द्यायचा. बापलेकीचं एवढंच काय ते बोलणं.

गावानं सांगितलं, बाहेरचं आहे. चांगुणा तिला एका देवरशाकडे घेऊन गेली. त्यानं कोंडून मिरच्यांची धुरी दिली. पोरीचे डोळे टोमॅटोसारखे सुजले. उत्तमला कळलं तसा तो गेला आणि देवरशाला अंगणात पालथा घालून तुडवला. देवरशाचे पुढचे दोन दात गेले. लेकीवर दुसऱ्यानं हात टाकलेला त्याला खपत नव्हता. तो मान त्यानं स्वतःकडे राखून ठेवला होता.

मागच्या वर्षी खामगावला आम्हा सेविकांचं एक शिबिर झालं. तिथं रुबिना मॅडम भेटल्या. तिशीतली मुलगी, खामगावचीच, वेगळ्या वाढीच्या पोरांना शिकवायचं शिक्षण मोठ्या शहरात घेऊन आलेली. तिनं पूनमसारख्या पोरांचं सांगितलं. स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. हा रोग नाही, बाधा नाही, मेंदूची घडणच वेगळी असते. अकोल्याला डॉक्टरांची एक पाहणी चालू होणार होती. आधी पोराच्या मेंदूचे फोटो काढायचे, मग चार महिने तिनं वागणुकीतून शिकवायचं, मग पुन्हा फोटो. शिकवण्यानं कोणत्या पोराला फरक पडेल आणि कोणाला नाही, हे आधीच्या फोटोवरून कळू शकतं का, एवढं त्यांना पाहायचं होतं. खर्च काही नव्हता. मी पूनमचं नाव देऊनच घरी आले.

संध्याकाळी उत्तमच्या ओट्यावर बसून मी हे सांगितलं. "डोक्याच्या आतला फोटो काढतात भाऊ. आत काय झालं ते सगळं दिसतं."

त्याचा चेहरा एकदम काळवंडला. "आत काय झालं म्हंजे?"

"म्हणजे काही इजा, काही बिघाड..."

त्यानं माझ्या मांडीवरचं रजिस्टर ओढलं, मधोमध फाडलं आणि शेणाच्या पाटीत फेकलं. "फोटोगिटो काई नाई. माह्या पोरीच्या डोक्यात कोनी पाह्याचं नाई. उठा बाई, नाईतर मी इसरून जाईन तुमी बाईमानूस हाये म्हनून."

मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. त्याच्या सात पिढ्या उद्धरून घरी आले. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. तो चिडला होता खरा, पण बोलताना माझ्यापासून एकेक पाऊल मागे सरकत होता. उधळलेल्या गोऱ्ह्यापुढे तो कधी मागे सरकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर चांगुणा भेटली. डोळ्याखाली निळं पडलेलं. कोणी ऐकत नाही असं पाहून तिनं सांगितलं. साडेतीन वर्षांपूर्वीचा पोळा. पोळ्याला बैलाच्या अंगावर काठी पडत नाही, हे आमच्याकडे लेकराला पण ठाऊक असतं. उत्तमनं बैल सजवले, तोरणाखाली नेले. डफडी वाजायला लागली आणि कडेवरची पूनम अशी काही किंचाळली की बैल बुजून लोकांत घुसले. सगळ्या गावात हसं झालं. घरी येऊन उत्तमचा हात शिवशिवत होता, आणि बैलावर तर उचलता येत नव्हता. त्यानं पोरीच्या कानशिलात ठेवून दिली. ती उडून जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर डोक्यावर पडली.

"अन् तवापासून बोलली नाई," चांगुणा म्हणाली. "त्यायले वाट्टे, त्यायनंच पोरीची वाचा मारली. मले कधी बोलले नाई, पन झोपीत बडबडतात. बाई, थे फोटोले भेत नाईत. फोटोत थो मार दिसन, त्याले भेतात."

मला रडू आलं नाही, राग आला. मग चांगुणाच म्हणाली, "मी नेतो पोट्टीले. मारलं तं मारलं. कधी नेता सांगा."

आम्ही निघालो त्या दिवशी तिचा ओठ फुटलेला होता. पोरगी मशीनमध्ये हलता कामा नये, म्हणून ती झोपेत असावी लागते. त्यासाठी चांगुणानं तिला पहाटेपासून झोपू दिलं नव्हतं. एसटी फाट्यावर थांबली आणि मागच्या दारानं उत्तम चढला. अकोल्यापर्यंत तो मागच्या सीटवर बसून होता.

दुपारी पूनम आईच्या खांद्यावर गाढ झोपली. तिचे कान झाकले आणि तिला त्या मोठ्या नळकांड्यात सरकवलं. आत ठकठक, खर्रखर्र, कोणी पत्र्यावर घण घालतंय असा आवाज. उत्तम दाराशी उभा राहून प्रत्येक ठोक्याला अंग चोरत होता. अर्ध्या तासानं पूनम तशीच झोपलेली बाहेर आली. त्यानं तिच्याकडे नाही, त्या मशीनकडे पाहिलं, जणू ते आता त्याचं नाव घेणार होतं.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टर काही सांगायच्या आत उत्तम उभा राहिला. "सायेब, मार दिसते का?"

"कसला मार?"

त्यानं सांगितलं. पहिल्यांदा, आमच्या सगळ्यांसमोर. पोळा, कानशील, डोणी. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पुन्हा एकदा सगळे फोटो पाहिले आणि म्हणाले, जुन्या इजेची कुठलीही खूण नाही. शिवाय स्वमग्नता मारानं येत नाही. ती जन्माच्या आधीपासूनची असते. अशी बरीच पोरं दीड-दोन वर्षांची झाल्यावर आलेले शब्द गमावतात. तो पोळा मध्ये आला नसता तरी हेच झालं असतं.

उत्तम खाली बसला आणि तोंडात गमछा कोंबून हमसून हमसून रडला. मलाही त्याची कणव आली, खोटं कशाला बोलू. साडेतीन वर्षं हा माणूस छातीवर धोंडा घेऊन झोपला होता. येताना त्यानं खामगावला पेढे घेतले आणि सगळ्या एसटीत वाटले.

आणि चौथ्या दिवशी पूनमनं ताट उलथलं म्हणून त्यानं तिला डोक्यात मारलं. मी धावत गेले तर मलाच समजावतो, "काऊन वरडता बाई? फोटोत पाह्यलं ना आपन? डोक्यात काई लागत नाई. मार आत जातच नाई."

कपाळावर हात मारून घ्यायचा की त्याच्या कपाळात काही घालायचं, तेच मला समजेना. कोट्यवधींच्या मशीननं जे सांगितलं, त्यातून या गड्यानं मारायचा परवाना काढला होता.

मी रुबिना मॅडमला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली. भांडली नाही. ओट्यावर बसली, उत्तमच्या हातात शेंगदाण्याची चिक्की दिली आणि म्हणाली, पूनमला द्या. मोबाइलवर ती चित्रण करत होती. पाच वेळा त्यानं चिक्की पुढे केली. मग तिनं ते सगळं त्याला दाखवलं. पाचही वेळा त्याचा हात तिच्या खांद्याच्या वर गेला की पूनमचे दोन्ही हात डोक्यावर, डोळे मिटलेले, मान खांद्यात रुतलेली. चिक्की तिला दिसतच नव्हती.

उत्तमनं ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. गोऱ्हे धरणाऱ्याला अशी मान ओळखायला डॉक्टर लागत नाही. डोक्यात मारलेला गोऱ्हा पुढे हात उचलला तरी डोळे मिटतो. तसा बैल उत्तम कधी हातात घेत नाही, मालकाला सरळ परत पाठवतो.

"ही तं बुजली हाये," तो अगदी हळू म्हणाला. "मॅडम, हे फोटोत काऊन नाई आलं?"

"तो फोटो ह्याचा नव्हता भाऊ," रुबिना म्हणाली. "हे ठीक होऊ शकतं. पण हात आधी थांबला पाहिजे. घाबरलेलं लेकरू शिकत नाही."

तिथून चार महिने सुरू झाले. पूनमला जे सगळ्यात जास्त आवडतं त्यातूनच शिकवायचं, ही रुबिनाची पद्धत. पूनमला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आवडायची. मग उत्तमनं माळ घेऊन तिच्यासमोर बसायचं, हात कमरेच्या खाली ठेवायचा, आणि थांबायचं. तिनं काही आवाज काढला, "वाजव"मधलं नुसतं "व" म्हटलं, की माळ वाजवायची. नियम एकच होता आणि रुबिना तो दर मंगळवारी घोकून घ्यायची: तोंडानं मागितलं की त्याच क्षणी द्यायचं. थांब नाही, नीट म्हण नाही. शब्दानं काम होतं हे तिला एकदा कळलं, की चावायची गरज उरत नाही. उशीर केला तर शब्द मरतो. मी रोज येऊन तक्त्यात नोंद करायची.

पहिले दोन महिने चावे, किंचाळ्या आणि आपटलेलं कपाळ. उत्तमचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून निघाले. हात उठायचा, अर्ध्यात थांबायचा, मग तो गोठ्यात जाऊन गोऱ्ह्यांना बडवायचा. बैलांना वेगळा कायदा होता. चांगुणावर मात्र हात पडला नाही, कारण पूनम समोर असायची. नवव्या आठवड्यात पूनम "वा" म्हणाली. माळ वाजली. पुन्हा "वा". त्या दिवशी सोळा वेळा.

तेराव्या आठवड्यात ते घडलं. गावात शंकरपट भरणार होता, बैलांच्या छकड्यांची शर्यत. उत्तमची जोडी तयार होती आणि हाकायला त्याचा चुलतभाऊ दीपक. दुपारी कापलेल्या शेतात सराव चालला होता. आम्ही बांधावर तक्ता घेऊन बसलो होतो. छकडा सुटला, माळा घणघणल्या, आणि चांगुणाच्या हाताला हिसडा देऊन पूनम त्या आवाजाच्या दिशेनं सरळ बैलांपुढे धावली. दीपकनं कासरे असे ओढले की डावा बैल गुडघ्यावर कोसळला. पोरगी वाचली. दीपक खाली उडी मारून आला आणि त्यानं तिच्या डोक्यात दोन हाणल्या. ती मातीत पडली.

"पागल हाये का बे पोट्टी! बैल मेला असता आत्ता!"

उत्तम शेताच्या त्या टोकाला होता. तो कसा आला ते मला दिसलंच नाही. छकड्यातली तुतारी त्याच्या हातात होती, आणि पहिला फटका दीपकच्या कानावर बसला. कान लोंबला. मग खांदे, मांड्या, पाठ. दीपक पालथा पडला तरी तो मारत होता. तीन महिने दाबून ठेवलेला सगळा हात त्या दुपारी बाहेर आला. चांगुणा ओरडत होती, मी ओरडत होते, त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं दीपकला लाथेनं उताणा केला, छातीवर पाय दिला आणि काठी उलटी धरली. आता खिळा खाली होता.

"नको."

पूनम दहा पावलांवर उभी होती. दोन्ही हात डोक्यावर, डोळे गच्च मिटलेले. आवाज खरखरीत, पण शब्द पुरता. बोलणं आटल्यापासून काही मागायला काढलेला तिचा पहिला पुरा शब्द.

उत्तम तसाच थिजला. काठी वर, पाय छातीवर. मी त्याचा चेहरा पाहिला. तो नियम आठवत होता. तोंडानं मागितलं की त्याच क्षणी.

"देलं माय," तो म्हणाला आणि त्यानं तुतारी टाकली.

ती दीपकनं उचलली. त्याला कुठला नियम ठाऊक होता? पहिल्याच फटक्यात उत्तमच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यांवर बसला. दुसरा पाठीत, तिसरा डोक्यावर, रक्त भुवयांवरून खाली आलं. त्याचे हात मांड्यांवर होते. त्यानं डोकं वाचवायलासुद्धा ते उचलले नाहीत. पूनमनं डोळे उघडले होते, ती बघत होती, आणि उचललेला हात तिला दिसू द्यायचा नव्हता. मी दीपकच्या पाठीत धोंडा घातला. मला त्याची लाज वाटत नाही. दीपक लडखडला. दुसरा धोंडा मी उचललाच होता, तेवढ्यात पोरगी माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "नको."

मी धोंडा टाकला. दीपकही काठी धरून तसाच उभा राहिला, मग रडायला लागला. उत्तमच्या तोंडात रक्त होतं. तो मला म्हणाला, "बाई, दोनदा बोलली. लिव्हा."

खामगावच्या दवाखान्यात दोघे भाऊ शेजारच्या खाटांवर होते. पोलीस आला तेव्हा दोघांनीही बैलानं तुडवलं म्हणून सांगितलं. शंकरपट त्यांच्याविना झाला.

चार महिने संपल्यावर अकोल्याला दुसरा फोटो निघाला. त्यात काय आहे ते एकट्या पूनमच्या फोटोवरून सांगता येत नाही, सगळ्या पोरांचे फोटो एकत्र पाहावे लागतील आणि त्याला वर्ष लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सारखंच शिकवूनही काही पोरांना काहीच फरक पडलेला नव्हता. पूनमकडे अकरा शब्द होते. भिंतीवर कपाळ आपटणं अगदी थांबलं नाही, पण आठवड्यातून एखादवेळ.

त्या दिवशी तिथंच रुबिनाच्या खोलीत पूनम माळेकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, वाजव." दोन शब्द, जोडून, आणि त्यातला एक त्याचा. असा "बाबा" तिनं कधी म्हटलाच नव्हता. उत्तमनं माळ वाजवली. मग त्याला राहवलं नाही. हाड आता जुळलं होतं. त्यानं उजवा हात तिच्या केसांवरून फिरवायला पुढे केला. मारायला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा नुसता फिरवायला.

"नको," पूनम म्हणाली.

हात लगेच मागे आला. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायलासुद्धा तो हात उचलत नव्हता. मग त्यानं रुबिनाला विचारलं, "मॅडम, हे एक मागनं नाई देलं तं चालन का? येक डाव?"

"नाही भाऊ," रुबिना म्हणाली. "हेच तर द्यायचं आहे."

उत्तमनं मान हलवली. त्या दिवसापासून आजवर त्यानं तिच्या डोक्याला हात लावलेला नाही.